सीमेवर काय पेरलंय?

परत आल्यापासून जानेफळात भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "पाकिस्तान दिसलं का?" किराणा दुकानात विचारतात, पिठाच्या गिरणीवर विचारतात, मेहकरच्या एसटीत मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडून विचारतं. खरं उत्तर असं, की दिसलं. आणि ते अगदी आपल्या बाजूसारखंच दिसलं. तीच वाळू, तीच खेजडीची खुरटी झाडं, तेच डोळे बारीक करायला लावणारं ऊन. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, जणू मी काहीतरी लपवतेय. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते.

सीमेजवळच्या त्या गावाचं आणि चौकीचं नाव मात्र मी लिहिणार नाही. तसं कबूल करून आलेय.

जानेफळ

मी मेहकरला प्राणिशास्त्र शिकवते आणि माझ्या संशोधनाचा विषय आहे खोकड. कोल्ह्याहून लहान, कान मोठे, शेपटी झुपकेदार, आणि अंगापेक्षा अक्कल जास्त. आमच्या गावामागच्या माळावर खोकडांची बिळं आहेत. पीएचडी त्यांच्यावरच केली. "खोकडावर डॉक्टर? म्हंजे त्यायले सुई देतं का व तू?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येत नाही. खोटं कशाला बोलू, अजूनही येतो.

या कामात माझा पहिला आणि कायमचा मदतनीस म्हणजे माझे बाबा. सोयाबीन, तूर, हरभरा घेणारा कोरडवाहू शेतकरी. मी अभ्यास करत होते तेव्हा पहाटे बॅटरी धरून बाबा माझ्यापुढे चालत. आपल्या समाजाची पोरगी रानात एकटी फिरते म्हणून चार लोक चार गोष्टी बोलले. बाबांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "एकटी कुठं हाय? मी हाय, खोकडं हाय."

राजस्थानच्या सीमेवरचं कुंपण रात्रभर दिव्यांनी उजळलेलं असतं. उजेडाला किडे जमतात, किड्यांमागे उंदीर आणि सरडे येतात. मग तिथलं वाळवंटी खोकड काय करतं? आमच्या खोकडाच्या शेपटीचं टोक काळं, त्याचं पांढरं, एवढाच वरवरचा फरक. ते उजेडाला भिऊन लांब राहतं की दिव्याखाली जेवायला येतं? हा प्रश्न मला कधीपासून छळत होता. पण तो भाग बंदीचा. तिथे पाऊल टाकायचं तर परवानगीवर परवानगी लागते. या दौऱ्यात अभ्यास करायचाच नव्हता, फक्त आखणी करायची होती: आपोआप फोटो काढणारे कॅमेरे कुठे लावायचे, किती लावायचे, कोण सांभाळणार. चौकीच्या कमांडर साहेबांनी आखणी पाहून होकार दिला तरच हिवाळ्यात काम सुरू होणार होतं. नाही म्हणाले तर इतक्या दिवसांची सगळी धावपळ पाण्यात.

अर्जात मदतनीस म्हणून बाबांचं नाव होतं. त्यामुळे चौकशीला पोलीस घरी आले आणि अर्धं गाव आमच्या दारात जमलं.

"पोलीस काऊन आले वो? काय करून बसले तुमी?" आई घाबरून गेली.

"मी काय केलं? पोरीनं केलं. मले बॉर्डरवर घेऊन चालली."

पोलिसांनी धंदा विचारला. बाबा म्हणाले, "लिहा. शेती अन् खोकड."

सोयाबीनची सोंगणी उरकली होती, हरभऱ्याची पेरणी व्हायची होती. त्या मधल्या मोकळ्या दिवसांत आम्ही निघालो. दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि बाबांच्या डोक्यात हरभरा, एवढं सामान बरोबर होतं. वाटभर त्यांचं चालू होतं: ओल टिकेल का, बी कोणतं घ्यावं, पेरायला पाभर कुणाची मिळेल. रेल्वेतल्या एका मारवाडी व्यापाऱ्याला त्यांनी आपल्या वऱ्हाडी हिंदीत आख्खा हरभरा समजावून सांगितला. तो बिचारा कापडाचा व्यापारी होता.

शेवटचं गाव

जैसलमेरच्याही पुढे बराच वेळ जीप चालली आणि मग रस्ता जणू कंटाळून थांबला. तिथे ते गाव होतं. गोल भिंतींची घरं, शेणामातीने सारवलेली अंगणं, भिंतींवर पांढरी नक्षी. बाबांनी उतरल्या उतरल्या खाली वाकून मूठभर वाळू उचलली आणि बोटांतून सोडली.

"हे पाय, हाताले चिकटतच नाई. असली कशी माती बापा?"

आमच्याकडची काळी माती पावसात चपलेला अशी धरते की चप्पल मागे राहते आणि माणूस पुढे जातो. इथली माती कुणालाच धरत नव्हती.

दुपारचं जेवण एका घरी होतं. घरधनीण घुंगट ओढून होती, पण वाढताना तिचा हात आमच्या आजीसारखाच नाही म्हणणाऱ्याचं ऐकत नव्हता. ताटात बाटी आली आणि बाबांचा चेहरा खुलला.

"अवं, हे तं आपले रोडगे! फक्त वांग्याची भाजी इसरले हे लोकं."

रोडगे खरंच आमच्याकडे असेच, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले. पण इथे बाटी फोडून त्यावर तूप ओतत होते, ओततच होते. बाबा माझ्या कानाशी आले, "आपल्याकडं इतकं तूप लग्नातबी वाढत नाई."

पाण्याचं मात्र उलटं होतं. हात धुवायला दिलेला तांब्या बाबांनी गावाकडच्या सवयीने सढळ ओतला. बाईने खाली घमेलं धरलं, आमचं हात धुतलेलं पाणी त्यात झेललं आणि नेऊन शेळीपुढे ठेवलं. त्यानंतर बाबांनी त्या गावात ओंजळभर पाणीसुद्धा जपून वापरलं. घरी आल्यावरही आईच्या मागे लागलेत, भांड्याचं पाणी फेकू नको म्हणून.

चौकी

संध्याकाळी चौकीची गाडी आम्हाला घ्यायला आली. वाटेत ऊन उतरत होतं. एका ट्रॅक्टरमागे काटेरी फांद्यांचा मोठा भारा बांधला होता आणि तो भारा वाळूतून ओढत नेत होते. मागे गुळगुळीत, रुंद पट्टी तयार होत होती. बाबांनी खिडकीला नाक लावलं.

"पेरनी झाली वाट्टे यायची," ते म्हणाले.

आमच्याकडे पेरणी झाल्यावर बी झाकायला बैलामागे बाभळीची फांदी ओढतात. अगदी तसंच दिसत होतं ते. मी माझ्या कॅमेऱ्यांच्या हिशोबात होते. मी नुसतं "हं" म्हटलं. ते "हं" मला चांगलंच भोवणार होतं.

चौकीवर एक तरुण जवान सामान घ्यायला पुढे आला आणि हिंदीत बोलू लागला. बाबांनी आपल्या हिंदीत उत्तर दिलं, "सामान जड नाही है, हम उचलते ना."

तो थबकला. "काका, तुमी बुलढान्याकडचे का?"

"हाव. जानेफळ. तू कुठचा बे?"

"साखरखेर्डा! गजानन नाव माह्यं. राम राम काका."

"जय भीम पोरा! मंग तं घरचाच निंगाला तू!" बाबांनी त्याचा हात धरला तो सोडेचनात.

देशाच्या पार टोकाला बंदूक घेऊन उभा असलेला हा पोरगा पहिला प्रश्न काय विचारतो? "औंदा सोयाबीन कसं झालं काका? सोंगणी झाली का?" माझे डोळे भरून आले. साखरखेर्ड्याच्या बाजारात मी लहानपणी बाबांबरोबर जायची. त्याच बाजाराच्या गावचा मुलगा इथे पहाऱ्यावर होता, याचा मला अभिमान वाटला. अगदी स्वतः काहीतरी केल्यासारखा.

कमांडर साहेब केरळकडचे. शांत, मोजकं बोलणारे. त्यांनी माझी सगळी आखणी ऐकून घेतली. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या कॅमेऱ्याला खोकड आणि माझा जवान यांतला फरक कळतो?"

कळत नाही. समोरून काहीही गरम आणि हलतं गेलं की तो फोटो काढणार.

"म्हणजे माझी माणसं कुठून कधी जातात ते सगळं तुमच्या कार्डावर राहणार. ते कार्ड हरवलं तर?"

फोटो चौकीवरच तपासा म्हटलं, कुलूप लावू म्हटलं. त्यांनी प्रत्येक वेळी नम्रपणे नकारार्थी मान हलवली. चहा पाजला आणि म्हणाले, "उद्या जेवून निघा." माणूस बरोबर बोलत होता, हाच त्रास होता. चुकीचं बोलला असता तर भांडले असते.

चौकीवर दिलेल्या खोलीत आल्यावर बाबांनी दशमी पुढे केली. "खाऊन घे माय. उपाशी पोटी इचार येत नाई."

"मला विचार करायचाच नाही," मी खेकसले. त्यांनी निमूटपणे दशमी पुन्हा फडक्यात बांधली.

पट्टी

सकाळी शिट्ट्यांनी जाग आली. बाहेर बुटांची धावपळ चालली होती. दार उघडलं तर एक जवान मला म्हणाला, आतच थांबा. चौकीच्या मागून जाणाऱ्या पट्टीवर अनोळखी माणसाची पावलं उमटली होती. आणि नुसती पावलं नव्हती, तिथे कुणीतरी जमीन उकरली होती. कुणी काही पुरून गेलं की काय म्हणून सगळे सावध झाले होते.

तेव्हा मला त्या पट्टीचा अर्थ कळला. रोज संध्याकाळी काटे ओढून वाळू सारखी करतात. रोज सकाळी जवान ती पट्टी चालत वाचतात. रात्रीत कुणी आलं-गेलं असेल तर त्याचं पाऊल तिथे सापडतंच.

गजानन आणि आणखी दोघे त्या पावलांचा माग काढत काढत निघाले. मी दारातूनच पाहत होते. खाली बघत, एकेक पाऊल मोजत ते पुढे येत होते, आणि येता येता थेट आमच्या खोलीच्या पायरीपाशी आले. पायरीवर बाबा बसले होते. हातात चहाचा पेला, शेजारी काढून ठेवलेली रबरी चप्पल.

गजाननने चप्पल उचलली, उलटी केली, तळाची नक्षी पाहिली. टाच एका बाजूने झिजलेली. वाळूतल्या ठशाशी लावून पाहिली. मग त्याने फार जड आवाजात विचारलं, "काका, तुमी पट्टीवर गेलते का?"

"गेलतो ना, पहाटंच. काऊन?"

"कायले गेलते?"

"काय पेरलं ते पाहाले. संध्याकाळी काटे ओढून राह्यले होते ना? म्हटलं, या रेतीत काय येत असीन. बोट घालून पाह्यलं, पन बी सापडलं नाई बापा. खोल टाकलं वाट्टे."

गजाननने डोळे मिटले. पहाऱ्यावरच्या जवानाला म्हणे वाटलं होतं, म्हातारा परसाकडे चाललाय, म्हणून त्याने भल्या माणसासारखी मान वळवली होती. तोवर साहेब येऊन उभे राहिले होते. गजाननला सगळं हिंदीत सांगावं लागलं, "साब, ये देख रहे थे कि बोया क्या है."

कुणी हसलं नाही. जगातला कोणताही शेतकरी नुकतीच सारखी केलेली जमीन पाहून बोट घालेल, हे मला माहीत होतं, पण ते साहेबांना समजावणार कसं? त्यांनी गाडी तयार ठेवायला सांगितली. जेवून नव्हे, आत्ताच निघायचं. मग ते मला म्हणाले, "चला, तुमच्या वडिलांनी काय केलंय ते बघा. म्हणजे मी का नाही म्हणालो ते कळेल." बाबा कावरेबावरे झाले होते. "माह्यामुळं झालं का व?" त्यांनी विचारलं. मी उत्तर न देता साहेबांच्या मागे गेले.

पट्टीच्या कडेला उभी राहून मी खाली पाहिलं. बाबांची पावलं सरळ गेली होती, मधे बोटभर खळगा, आणि तशीच सरळ परत आली होती. साहेब काहीतरी बोलत होते. पण माझं लक्षच उडालं. कारण त्या खळग्याभोवती दुसरीही पावलं होती. लहान, नाजूक, चार बोटांची, पुढे नखांचे बारीक टिपके. एका ओळीत आलेली, खळग्यापाशी घुटमळलेली. आणि त्यातलं एक पाऊल बाबांच्या चपलेच्या ठशावर उमटलेलं.

म्हणजे बाबा गेल्यावर ते आलं होतं. काय पेरलंय ते बघायला!

मी वाळूच्या कडेला फतकल मारून बसले. मान वर करून पट्टीच्या बाजूने नजर टाकली तर दिव्याच्या खांबाखाली अशा पावलांची नुसती जाळी विणलेली. "यांची नोंद ठेवता तुम्ही?" मी गजाननला विचारलं.

"नाई ताई. मानूस नसला तं पुसून टाकतो. पुन्हा काटे ओढतो."

रोज पुसतात! जे मिळावं म्हणून मी कॅमेरे घेऊन भीक मागत फिरत होते, ते इथे रोज रात्री लिहिलं जात होतं, रोज सकाळी डोळ्यांत तेल घालून वाचलं जात होतं आणि वाचून पुसलं जात होतं. मी तिथेच, बसल्या बसल्या, मोडक्या हिंदीत साहेबांना माझी नवी आखणी सांगितली. कॅमेरा एकही नको. तुमचे जवान सकाळी पट्टी वाचतातच. वाचताना एवढंच सांगायचं, की कोणत्या खांबाजवळ कोणता प्राणी, दिव्याखाली की लांब अंधारात. खांबांना आकडे तुम्हीच द्या, तुमचे तुम्हालाच कळतील असे. मला जागेचा नकाशा नको, फोटो नको. फक्त उजेडात किती आणि अंधारात किती एवढं कळलं की झालं.

साहेबांनी पट्टीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "एकही कॅमेरा नाही?"

"एकही नाही."

"आणि माझ्या माणसांना खोकड आणि मांजर यांतला फरक कसा कळणार?"

"मी शिकवते ना. आत्ता शिकवते."

आणि सीमेवरच्या त्या वाळूत माझा तास भरला. मेहकरच्या वर्गात शेवटच्या बाकावर नेहमी कुणीतरी पेंगत असतं. इथे मिशांवर वाळू बसलेले जवान माझ्याभोवती उकिडवे बसून एकेका ठशावर वाकत होते. खोकडाची नखं उमटतात, मांजराची उमटत नाहीत, कारण मांजर नखं आत ओढून चालतं. कुत्र्याचं पाऊल मोठं आणि वेडंवाकडं फिरतं, खोकडाचं एका ओळीत जातं. बाबांना पट्टीजवळ यायची सक्त मनाई होती. ते लांब, पायरीवर उभे राहून ओरडत होते, "नखं पाहा म्हना पोरायले, नखं!"

पहिला हसला गजानन. मग सगळे हसले आणि शेवटी साहेबसुद्धा. मला आयुष्यात पदवी मिळाली, पगार मिळाला, एकदोनदा शालही मिळाली. पण त्या सकाळइतका ताठ माझा कणा कधी झाला नव्हता. मी जानेफळच्या माळावर जे शिकले ते देशाच्या सीमेवर शिकवत होते, आणि ज्यांनी मला माळावर नेलं ते माझ्यामागे उभे होते.

गाडी तयारच होती, पण आम्ही जेवूनच निघालो. निघताना साहेबांनी सांगितलं की ते आपली शिफारस वर पाठवतील. आणि बाबांकडे बोट करून त्यांनी एक अट घातली. गजाननने ती वऱ्हाडीत सांगितली, "काका, हिवाळ्यात ताईसंगं तुमीबी याचं. पन हेच चप्पल घालून. दुसरं नाई चालनार. हे आता आमच्या वळखीचं झालं."

मी बाबांकडे वळले. सकाळी त्यांना उत्तर दिलं नव्हतं, ते आता दिलं. "हो बाबा. तुमच्यामुळेच झालं."

गाडीत बसल्यावर त्यांनी फडक्यातली कालची दशमी काढली, अर्धी मला दिली आणि अर्धी स्वतः खाल्ली.

पुन्हा जानेफळ

मंजुरी आली. ती कळवायला गजाननचाच फोन आला. चौकीवर नवीन जवान आला की त्याला म्हणे बाबांच्या चपलेच्या ठशाचा फोटो दाखवतात: हा दिसला तं शिट्टी मारायची नाई, जानेफळचे काका आले समजाचं.

बाबांनी हे गावात सांगितलं नाही असं एकही घर उरलेलं नाही. त्यांनाही सगळे विचारतात, पाकिस्तान दिसलं का. ते म्हणतात, "मी कायले तिकडं पाहू? मी खाली पाहून राह्यलो होतो."

हरभरा पेरून झालाय. काटेही ओढून झालेत. बाबा हल्ली शेतात अनवाणी जातात. ती चप्पल धुऊन, पुसून घरात वरच्या फळीवर ठेवलीय. काल संध्याकाळी ते पायातला काटा काढत बसले होते तेव्हा आई वैतागली.

"चप्पल फळीवर अन् पाय काट्यात? घालत काऊन नाई तुमी?"

बाबांनी काटा काढला, पाय पुसला आणि म्हणाले, "झिजली तं तिथले पोरं मले वळखतीन कसे?"